पिंजरा लावून प्राणी जंगलात सोडणं ही दया नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर राहतं घर, खाली दुकान आणि गोदाम. काही दिवसांपासून रात्री छतात दुडदुड ऐकू येते, सकाळी गोदामात लेंड्या दिसतात. एक कंत्राटदार म्हणतो, पिंजरा लावतो आणि जे सापडेल ते लांब जंगलात सोडून येतो, एकही जीव मरणार नाही. दुसरा अल्ट्रासोनिक यंत्र, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने प्राणी पळवायचं यंत्र, बसवायला सांगतोय. तिसरा विष टाकायला तयार आहे. प्राण्याला इजा न होता तो जावा अशी इच्छा असेल तर यातलं काय निवडायचं?

माझं उत्तर आधी सांगतो, मग कारणं. तिन्ही नकोत. प्राण्याला पकडायचं नाही. त्याला त्याच्या पायांनी बाहेर जाऊ द्यायचं आणि तो गेला की वाट बुजवायची. काम कंटाळवाणं आहे, शिडी, टॉर्च आणि जाळी कापायची कात्री घेऊन धुळीत करायचं आहे, आणि त्यात फोटो काढून पाठवण्यासारखं काही नसतं. पण प्राणी जगतो आणि पुन्हा येत नाही, या दोन्ही गोष्टी एकदम साधणारा दुसरा मार्ग मला या धंद्यात दिसलेला नाही.

‘लांब सोडून येतो’ हे ऐकायला फार बरं वाटतं, म्हणून त्यावरच आधी बोलतो. प्राण्याला स्वतःच्या हद्दीतलं पाणी, लपायच्या जागा, शत्रूच्या वाटा पाठ असतात. अनोळखी रानात सोडलं की त्यातलं काहीच कामाला येत नाही. शिवाय तिथे त्याच जातीचे प्राणी आधीपासून ठाण मांडून असतात, ते नवख्याला टिकू देत नाहीत. अमेरिकेत उपनगरांतल्या ३८ करड्या खारी पकडून मोठ्या जंगलात सोडल्या आणि त्यांचा माग ठेवला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९७ टक्के खारी एकतर लवकरच मेल्या, नाहीतर त्या जागेवरून नाहीशा झाल्या. म्हणजे ‘एकही जीव मरणार नाही’ याचा खरा अर्थ, तुमच्या डोळ्यांसमोर मरणार नाही.

मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत हा प्रकार माणसांवरही उलटतो. जुन्नर परिसरात २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. तुमच्या माळ्यावर बिबट्या नाही हे मला कळतं. मुद्दा एवढाच की उचलून दुसरीकडे ठेवलेला प्राणी तिथे गुण्यागोविंदाने नांदतो हा आपला समज आहे. प्राण्याबरोबर रोगही प्रवास करतो. अमेरिकेच्या पूर्व भागात रॅकून नावाच्या, मांजराहून थोड्या मोठ्या रानटी प्राण्यातला रेबीज १९७७ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियात दिसू लागला, तो शिकारीसाठी दक्षिणेतून आणून सोडलेल्या रॅकूनबरोबर आला असं मानलं जातं.

आणि घरात काय उरतं? तेच भोक, तीच ऊब, तोच वास. जागा रिकामी झाली की पुढचा प्राणी तिथे येतो, कंत्राटदाराला पुन्हा फोन जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वर कोण राहतंय ते ओळखणं. आवाजाची वेळ बरंच सांगून जाते. उजाडल्यावर आणि संध्याकाळच्या आधी चपळ धावपळ असेल तर बहुधा खार. रात्री उशिरा कुरतडल्याचा, हलका खुडबुडीचा आवाज येत असेल तर उंदीर. रात्री कुणीतरी माणूसच चालतोय असं वाटावं इतका जड आवाज असेल तर उदमांजर, अमेरिकेत असाल तर रॅकून, किंवा साधं मांजर. मांजर निघण्याचं प्रमाण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. दिवस मावळताना बारीक चिवचिव, थोडी खसखस आणि मग एकदम शांतता असेल तर वटवाघळं. लेंड्यांवरूनही कळतं. वटवाघळाची विष्ठा उंदराच्या लेंडीसारखीच दिसते, पण काडीने दाबली तर चुरा होतो आणि चुऱ्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसतात. उंदराची लेंडी अशी चुरा होत नाही. हाताने मात्र काहीही तपासू नका. शंका राहिलीच तर येण्याजाण्याच्या वाटेवर पिठाचा पातळ थर पसरा, सकाळी पावलं दिसतील.

दुसरं काम भोक शोधण्याचं, आणि ते बाहेरून करायचं. लोक आत माळ्यावर टॉर्च मारत बसतात, पण वाट बाहेरून जास्त स्पष्ट दिसते. संध्याकाळी, दिवस मावळायच्या अर्धा तास आधीपासून, इमारतीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर दोघांनी उभं राहायचं आणि छताच्या कडेवर नजर ठेवायची. वळचण, पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट, एक्झॉस्टचं तोंड, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं आणि नंतर कुणीच न बुजवलेलं भोक, सरकलेलं कौल, या नेहमीच्या जागा. रोजची ये-जा असलेल्या भोकाची कड अंगाच्या तेलकटपणाने काळपट, गुळगुळीत झालेली असते. मापाचा अंदाज मात्र डोळ्यांवर सोडू नका. छोट्या घरउंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल आत जात असेल तर उंदीरही जाईल. मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटर लागतात. लहान वटवाघळालाही साधारण तेवढीच फट पुरते.

भोक सापडलं की लगेच सिमेंट कालवायला घेऊ नका. घाईने बुजवलेल्या भोकामागे काय होतं ते सविस्तर सांगतो, कारण या धंद्यातला सगळ्यात मोठा क्रूरपणा याच टप्प्यावर घडतो, तोही प्राण्यांची कणव असलेल्या माणसांच्या हातून.

माळ्यावर आलेली मादी बरेचदा वीण घालण्यासाठीच आलेली असते. कोरडी, उबदार, शत्रूपासून लांब अशी जागा तिला हवी असते आणि तुमचा माळा नेमका तसा असतो. मादीला पिंजऱ्यात धरून नेलं, किंवा ती बाहेर गेलेली असताना भोक बंद केलं, तर पिल्लं आत उपाशी मरतात. ती मरायला वेळ लागतो, तोवर आवाज येत राहतो, मग वास, मग माश्या आणि अळ्या. बाहेर अडकलेली आई पिल्लांपर्यंत पोचण्यासाठी कौलं, लाकूड, प्लायवूड, मिळेल ते फाडते. तिने केलेलं नुकसान मूळ भोकाच्या कितीतरी पट असतं. वटवाघळांचं तर आणखी नाजूक. बहुतेक जातींमध्ये मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं आणि पहिले काही आठवडे त्याला उडता येत नाही. शेकडो माद्या एकाच माळ्यावर एकत्र वीण घालतात. अशा वेळी वाट बंद केली तर त्या वसाहतीची अख्खी एक पिढी जाते, आणि इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला ती लवकर भरून काढता येत नाही.

म्हणून आधी पिल्लं आहेत का ते पाहायचं. कान देऊन ऐकलं तर एकाच जागेवरून येणारी बारीक, सततची चिरचिर ओळखता येते. आई भर दिवसा, वेळी-अवेळी ये-जा करताना दिसते, कारण दूध पाजणाऱ्या मादीला जास्त खावं लागतं. पिल्लं असतील तर थांबायचं. काही आठवड्यांचा त्रास आहे, पण पिल्लं हिंडूफिरू लागली की बहुतेक वेळा आई स्वतःच त्यांना घेऊन निघते. अजिबात थांबणं शक्य नसेल, समजा छत कोसळायच्या बेतात आहे, तर सस्तन प्राण्याच्या आईला जागा बदलायला भाग पाडता येतं. रात्रंदिवस दिवा लावून ठेवा, माणसांच्या गप्पा चालू असलेला रेडिओ ठेवा, दिवसातून दोनदा वर चक्कर मारा. तिच्याकडे दुसरी जागा असेल तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. त्यासाठी तिला दोन-तीन रात्री बिनअडथळा मिळायला हव्यात. अमोनियाचे बोळे ठेवायचा सल्ला कुणी देतं, तो ऐकू नका. त्या वाफा पिल्लांच्या श्वासाला घातक ठरतात आणि ती तर पळूही शकत नाहीत. हा दिव्या-रेडिओचा उपाय वटवाघळांवर मुळीच करू नका.

पिल्लं नाहीत याची खात्री झाली की एकेरी दार लावायचं. बाहेर जाता येतं, आत येता येत नाही, एवढंच त्याचं काम. खारीसाठी किंवा उदमांजरासाठी वरून टांगलेली, बाहेरच्या बाजूला उघडणारी जाळीची झडप चालते. वटवाघळांसाठी साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची, वीत-सव्वा वीत लांबीची गुळगुळीत नळी भोकात तिरकी, खाली तोंड करून बसवतात. त्यांना नळीतून घसरून बाहेर पडता येतं, पण गुळगुळीत प्लास्टिकवर पकड मिळत नसल्याने परत चढता येत नाही. आधी बाकीच्या सगळ्या फटी बुजवायच्या आणि मगच मुख्य भोकावर दार लावायचं. उलट क्रमाने केलं तर प्राणी शेजारच्या फटीतून परत आत. वटवाघळांसाठी दार किमान आठवडाभर ठेवावं, कारण पावसाच्या किंवा थंडीच्या रात्री ती बाहेर पडतच नाहीत. थंड प्रदेशात हिवाळ्यात हे काम करूच नये, तेव्हा ती शीतनिद्रेत असतात.

आत कुणी उरलं नाही हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे भोकात वर्तमानपत्राचा सैलसर बोळा कोंबणं. दोन-तीन रात्री, त्याही बऱ्या हवामानाच्या, बोळा जागचा हलला नाही तर भोक रिकामं. मग कायमचं बुजवा. इथे कंजुषी करू नका. फोम, प्लास्टिक, लाकडाची पट्टी यांना उंदीर जुमानत नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि कुरतडणं ही त्याची गरज असते. ६ मिलिमीटर चौकटीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी, पत्रा किंवा सिमेंट वापरा. हवा खेळायला हवी तिथे जाळी, बाकी ठिकाणी सिमेंट. बारीक भोकात स्टेनलेस स्टीलची जाळी कोंबून वरून सिमेंट भरलं तर टिकतं.

आता उंदरांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘कुणालाही इजा नको’ असा आग्रह धरणारे इथे अडतात. घरउंदीर मुख्यतः माणसाच्या इमारतीतच राहतो. त्याला पकडून माळरानावर सोडणं म्हणजे सावकाश मारणंच आहे. जिवंत पकडायच्या पिंजऱ्यातही तो भीतीने, थंडीने किंवा तहानेने काही तासांत मरू शकतो, म्हणून तो पिंजरा दिवसातून अनेकदा बघणं जमणार नसेल तर लावूच नये. उंदीर थोडे असतील तर खाणं बंद डब्यांत गेल्यावर आणि फटी बुजवल्यावर काम भागतं. गोदामात ते खूप झाले असतील आणि आरोग्याचा प्रश्न असेल तर चांगल्या प्रतीचा, जोरकस स्प्रिंगचा चाप लावणं हे विष आणि चिकट सापळा या दोन्हींपेक्षा कमी क्रूर आहे. हे मला आवडतं म्हणून सांगत नाही.

चिकट सापळ्यात प्राणी तासन्‌तास, कधी दिवसभर, स्वतःची कातडी सोलत राहतो. त्यात पाली, पक्ष्यांची पिल्लं, छोटे सापही अडकतात. इंग्लंडमध्ये सामान्य माणसाने असे सापळे लावण्यावर २०२२ च्या कायद्याने बंदी आली आणि ती जुलै २०२४ अखेर लागू झाली. ब्रोडिफॅकूमसारखी रक्त गोठू न देणारी विषं खाल्ल्यावर उंदीर काही दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्तावून उघड्यावर हिंडतो आणि घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. विष तिथेही पोचतं. उंदीर खाणारं घुबड मारून उंदीर कमी करायचे, हा हिशेब मला कधी उमगलेला नाही. शिवाय विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरतो ही अफवाच आहे. तो बरेचदा भिंतीतच मरतो.

२०१५ साली व्हँकूव्हरमध्ये वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ याच प्रश्नावर बसले आणि वन्यप्राणी नियंत्रणासाठी त्यांनी ७ तत्त्वं ठरवली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातलं पहिलं तत्त्व, शक्य तिथे आधी माणसाची सवय बदला. शेवटचं, एखाद्या प्राण्यावर ‘उपद्रवी’ असा शिक्का आहे एवढ्यावरून निर्णय घेऊ नका. माझ्या कामापुरतं तरी हे पहिलं तत्त्वच बहुतेक प्रकरणं निकालात काढतं.

अल्ट्रासोनिक यंत्राबद्दल फार लिहीत नाही. तो आवाज भिंत किंवा खोका ओलांडत नाही, आणि प्राण्याला त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती की दाव्यांना शास्त्रीय पुरावा द्या. डांबराच्या गोळ्या आणि गंधक यांचीही तीच गत. गोळ्यांचा वास प्राण्याला असह्य होईल इतका केलात तर आधी तुम्हालाच घर सोडावं लागेल.

दुकानं, गोदामं, कारखाने यांचं दुखणं बहुतेक वेळा कबुतरं असतात. तिथे बाझल शहराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधल्या या शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे १ लाख कबुतरं मारली गेली आणि संख्या कायमची अशी कमी झालीच नाही. १९८८ पासून त्यांनी रोख बदलला. लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावलं, देखरेखीखालच्या ढाबळी उभारल्या, तिथली अंडी काढली, आणि साधारण चार वर्षांत थवे जवळजवळ निम्म्यावर आले. कबुतरांची संख्या ठरते ती खाण्यावरून. तुमच्या आवारातला उघडा कचरा आणि सांडलेलं धान्य आधी बंद करा. मग बसायच्या जागा. ज्या कडेवर ती बसतात तिथे ४५ अंशांपेक्षा जास्त उताराची पट्टी बसवली तर पाय ठरत नाहीत. मोकळ्या जागेला जाळी लावायची तर ५० मिलिमीटरची, ताणून. सैल जाळीत पक्षी अडकून लटकतात. घरट्यात अंडी असतील तर साधारण अडीच आठवडे उबवण आणि पुढे महिनाभर पिल्लं, एवढा वेळ धरून चाला.

गोदामात एखादा पक्षी घुसला असेल तर त्याच्यामागे काठी घेऊन धावू नका. तो दमून, आपटून मरतो. आतले सगळे दिवे बंद करा, एकच शटर पूर्ण उघडा, माणसं बाजूला घ्या. दिवसाउजेडी पक्षी प्रकाशाकडे जातो.

साप दिसला तर त्याच्यावरची नजर हटू देऊ नका, अंतर ठेवा, खोलीचं दार लावून खालच्या फटीला टॉवेल लावा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. बिनविषारी असेल असं वाटलं तरी हात घालू नका. पकडलेला साप जवळच्याच योग्य जागेत सोडायला सांगा, लांब नेलेले साप भरकटतात आणि जास्त मरतात. झाडाला मधमाश्यांचा घोळका लटकला असेल तर बहुधा तो एक-दोन दिवसांत पुढे जातो. भिंतीत पोळं केलं असेल तर मधमाशीपालकच हवा.

वटवाघूळ थेट झोपायच्या खोलीत सापडलं तर गोष्ट वेगळी. त्याचा चावा इतका बारीक असतो की झोपेत कळत नाही. खोलीत कुणी झोपलेलं होतं, किंवा लहान मूल होतं, तर वटवाघूळ सोडून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. कुठल्याही सस्तन प्राण्याने चावलं-ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच लसीसाठी जायचं.

प्राणी गेल्यावर विष्ठा साफ करताना कोरडा झाडू मारू नका. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढते आणि तिची बीजं धुळीबरोबर फुप्फुसात जातात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, आधी पाणी फवारून ओलं करा, मग पिशवीत भरा. ढीग मोठा असेल तर हे काम तुमचं नाही.

कायद्याचंही बघून घ्या. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वटवाघळांची जागा ती नसतानाही बंद करता येत नाही. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यप्राणी पकडणं आणि सापळा लावणं हेसुद्धा शिकारीतच मोजलं जातं. तेव्हा ‘फक्त पिंजरा लावतोय’ ही सबब चालत नाही.

शेवटी कंत्राटाबद्दल. पकडलेल्या नगावर पैसे घेणाऱ्याला काम देऊ नका, भोक उघडं राहण्यातच त्याचा फायदा आहे. पैसे ठरवायचे ते फटी बुजवण्यावर आणि पुढच्या वर्षभरात त्या वाटेने कुणी आत आलं तर फुकट येऊन दुरुस्त करण्यावर. बोलावलेला माणूस शिडी न लावता, बाहेरून एक फेरी न मारता आणि पिल्लांचा विषय न काढता किंमत सांगत असेल तर दुसरा बघा. तुमच्या बाबतीत, लेंड्या गोदामात आणि आवाज छतात आहे, म्हणजे ते दोन वेगळे पाहुणेही असू शकतात. खाली उंदीर आणि वर दुसरं कुणीतरी. आज संध्याकाळी बाहेर उभं राहून छताची कड बघा, आणि गोदामात पीठ पसरून ठेवा. दोन्हीकडे काय दिसलं ते कळल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.